भाच्याला पंचवीस हजार का दिले नाहीत

गेल्या शनिवारी पालीला गेलो होतो. पुण्याहून खोपोली, तिथून पुढे चाळीसेक किलोमीटर. दुपारी आईच्या हातचं जेवून ओटीवर आडवा झालो होतो. समोर सरसगड, पोटात आंबोळ्या, डोळे मिटायच्या बेतात. तेवढ्यात भाचा लॅपटॉप घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"मामा, पंचवीस हजार देशील का?"

"कशाला?"

"प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स आहे. सहा वीकेंड. सर्टिफिकेट मिळतं. सीव्हीवर टाकायला लागतं आजकाल."

मी नाही म्हटलं. पोरगं हिरमुसलं, बहीण दोन तास माझ्याशी बोलली नाही, आणि आईनं संध्याकाळचा चहा जरा आपटूनच ठेवला. त्यामुळे हा लेख. घरच्यांना जे धड समजावता आलं नाही ते इथे लिहून बघतो. तसाही हा विषय फक्त माझ्या भाच्याचा नाही. आपल्यापैकी निम्मे लोक आज कुणाचे तरी मामा, काका, ताई आहेत, आणि उरलेले निम्मे इंटरव्ह्यू घेतात. दोघांनीही ऐकावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : विद्यार्थिदशेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायलाच हवं, पण आपण जिथे ते शिकवतोय तिथे ते शिकता येणं शक्य नाही. ज्या कामाची तारीख सरकत नाही, ज्यातली माणसं तुमच्या हुकुमातली नाहीत, आणि जे फसलं तर तुम्हाला चारचौघांत तोंड दाखवावं लागतं, त्याच कामात हे शिकता येतं. बाकी सगळी शब्दांची घोकंपट्टी.

आता "तू स्वतः इंडस्ट्रीत बसून असं कसं म्हणतोस" असं कुणी म्हणायच्या आत माझंच प्रगतिपुस्तक उघडतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमचा चौघांचा ग्रुप होता. प्रोजेक्ट एकानं केला. तो मी नव्हे. तो रात्र रात्र जागून कोड लिहायचा आणि आम्ही तिघं "टीमवर्क" करायचो, म्हणजे ब्लॅक बुकचं बाइंडिंग, स्लाइडचे रंग, आणि परीक्षकांसाठी वडापाव. रिपोर्टमध्ये एक गँट चार्ट होता. तो आम्ही प्रोजेक्ट संपल्यावर काढला! आधी काम झालं, मग ते कधी कधी करायचं ठरलं होतं ते ठरवलं. सगळ्या पट्ट्या वेळेत सुरू, वेळेत संपलेल्या. परीक्षकांनी कौतुक केलं. चौघांना सारखे मार्क. ज्यानं काम केलं त्याचं मात्र त्या नादात एका विषयाकडे दुर्लक्ष झालं आणि त्याला केटी लागली. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी काय सांगितलं? "आय लेड अ टीम ऑफ फोर." समोरच्यानं मान डोलावली.

हे विनोदी वाटत असेल तर पुढचं ऐका. दोन-तीन वर्षांनी मला खरोखरच चार माणसांची टीम मिळाली. साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, दोन आठवडे. का दोन? कारण त्यांना दोन ऐकायचं होतं. काम गेलं सात आठवडे. मधल्या पाच आठवड्यांत दर शुक्रवारी मी "ऑलमोस्ट डन" लिहीत होतो. टीममधली एक मुलगी, तिच्या सख्ख्या बहिणीची हळद होती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसली. तिनं तक्रार केली नाही. फोनवर आईशी हळू आवाजात बोलत होती ते मला ऐकू येत होतं, आणि मी हेडफोन लावले.

ती हळद कंपनीनं बुडवली नाही, क्लायंटनंही नाही. माझ्या "दोन आठवड्यां"नी बुडवली. मला गँट चार्ट काढता येत होता. "मला माहीत नाही, उद्या विचार करून सांगतो" हे एक वाक्य मात्र म्हणता येत नव्हतं. ते कुठल्याच सत्रात शिकवलं नव्हतं.

बरं, अभ्यासक्रमात हा विषय नाही असंही नाही. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट आहेत, शेवटच्या वर्षाला मोठा प्रोजेक्ट आहे, आणि शेवटच्या सत्रात "प्रोजेक्ट मॅनेजमेंट" हा ऐच्छिक विषयही आहे. कागदावर काही वाईट नाही. पण गंमत बघा. विषय शिकायचा शेवटच्या सत्रात, तेव्हा प्रोजेक्ट जवळपास उरकलेला. आणि विषयाच्या परीक्षेत प्रश्न येतो "पर्ट आणि सीपीएममधला फरक स्पष्ट करा". पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचं रासायनिक सूत्र विचारल्यासारखं. पोरं सूत्र बरोबर लिहितात, बुडतात ती नोकरीत.

आणि हा पर्ट-सीपीएम म्हणजे तरी काय? १९५७-५८ च्या सुमाराला अमेरिकेत दोन ठिकाणी साधारण एकाच वेळी ही कल्पना निघाली. ड्यू पाँट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी सीपीएम, आणि अमेरिकन नौदलात पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी पर्ट. मूळ मुद्दा साधा आहे. कामांची एकमेकांवर अवलंबून असलेली जी सगळ्यात लांब साखळी, तीच तुमची तारीख ठरवते. बाकी कामं कितीही पळवा, ती साखळी हलत नाही तोवर उपयोग शून्य.

आता हे मला पहिल्यांदा कुठे कळायला हवं होतं? आमच्या माजघरात! पालीला देवळाकडे जाताना दोन्ही बाजूला पापड-मिरगुंडांची दुकानं तुम्ही पाहिली असतील. माझी आई आणि दोन माम्या वर्षानुवर्षं त्या दुकानांसाठी पापड लाटायच्या. पीठ भिजवायचं, कुटायचं, लाट्या करायच्या, लाटायचे, वाळवायचे, मोजून बांधायचे. ऑर्डर मोठी आली की आई शेजारच्या चार बायका जास्त बोलवायची का? नाही. ती आधी आभाळाकडे बघायची, मग अंगणाकडे. बायका वाढवल्या तर लाटणं वेगात होईल, ऊन काही वाढत नाही, आणि पापड पसरायला जागाही तेवढीच. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्सनं १९७५ च्या "द मिथिकल मॅन-मंथ" या पुस्तकात लिहिलं. आईनं ब्रुक्स वाचलेला नाही. दुकानदाराला मात्र ती स्पष्ट सांगायची, "शुक्रवारी नाही जमणार, सोमवारी या. ऊन पडलं तर." मला सात आठवड्यांत जे वाक्य सुचलं नाही ते ती दोन रुपयांच्या धंद्यात रोज म्हणत होती.

तर शाळा घरात होती. दुसरी शाळा घराबाहेर होती. आणि तिथे मी नापास झालो, ते फार बरं झालं.

पालीच्या बल्लाळेश्वराचे दोन मोठे उत्सव, भाद्रपदातला आणि माघातला. माघ शुद्ध चतुर्थीला गाव माणसांनी फुलून जातं. माघी चतुर्थीचं वैशिष्ट्य काय, तर ती पुढे ढकलता येत नाही. क्लायंटला ईमेल टाकून "रिव्हाइज्ड टाइमलाइन" कळवता येत नाही. फार तर अधिक महिना येतो, पण तोही पंचांगात आधीच छापलेला असतो. :)

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या आळीतल्या मंडळानं माझ्याकडे एक काम दिलं. चतुर्थीच्या पहाटे कार्यकर्त्यांना आणि चालत येणाऱ्या भाविकांना चहा-पोहे. किरकोळ काम. मी कॉलेजात जाणारा, त्यामुळे हुशार. सगळ्या मित्रांना एकत्र बोलावून जोरदार भाषण केलं, कामं वाटली. गॅसच्या सिलिंडरचं काम दोघांना मिळून दिलं, म्हणजे नक्की होईल. पहाटे चार वाजता कढई होती, पोहे होते, चिरलेला कांदा होता, शंभरावर माणसं थंडीत कुडकुडत उभी होती, आणि सिलिंडर नव्हता. पहिल्याला वाटलं दुसरा आणेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं आणला. मी कुणालाच विचारलं नव्हतं, कारण "सांगितलंय ना!"

आळीतले एक काका तेव्हा उत्सवाचं सगळं बघायचे. ते ओरडले नाहीत. स्वतःच्या घरचा सिलिंडर पोराकडून आणवला आणि मला म्हणाले, "तू आज वाढायला उभा राहा." म्हणजे उशिरा पोहे मिळालेल्या प्रत्येक माणसाच्या हातात प्लेट मीच द्यायची. सकाळी आठपर्यंत मी तोंडं बघत होतो. इतकी परिणामकारक परीक्षा मला कुठल्याही विद्यापीठानं घेतलेली आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांची दोनशे पानी वही दाखवली. चार रकाने. काम, नाव, तारीख, आणि चौथा रकाना "दाखवलं". नावाच्या रकान्यात प्रत्येक कामापुढे एकच नाव. "दोन नावं लिहिली की कुणाचंच नाव लिहिलेलं नसतं," काका म्हणाले. आणि चौथा रकाना "झालं" असा का नाही? तर "झालं का विचारलं की सगळे हो म्हणतात. दाखव म्हटलं की कळतं."

पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच काम मागून घेतलं. शेजारच्या आळीनं शिरा ठेवलाय, आपणही ठेवू, असा पोरांचा आग्रह झाला. मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "ठेव की. पोह्याच्या किती प्लेटा कमी करतोस ते सांग." बस्स. आयटीत ज्याला स्कोप क्रीप म्हणून आपण तासतासभर मीटिंगा करतो ती गोष्ट एका वाक्यात निकालात. शिरा झाला नाही. भाद्रपदातल्या उत्सवासाठी वहीत वेगळं पान असायचं, कारण ते दिवस पावसाचे. अंबा नदीला पूर आला की वाकणच्या बाजूचा पूल पाण्याखाली जायचा आणि रस्ता बंद. म्हणून तिकडून येणारं सामान दोन दिवस आधीच मागवायचं, असं त्या पानावर लिहिलेलं. याला आपण रिस्क रजिस्टर म्हणतो, आणि बहुतेक कंपन्यांत ते एकदा भरून पुन्हा कुणी उघडत नाही.

इथे काही वाचकांना आनंद झाला असेल. "बघा, आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच! कशाला हवीत ती इंग्रजी पुस्तकं? आपला जुगाडच भारी." थांबा. हा लेख तुमच्याही विरोधात आहे.

जुगाड म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट नव्हे. जुगाड म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट न केल्याचा दंड. काकांचा सिलिंडर घरात होता म्हणून पोहे झाले, नसता तर? काका भारी होते ते त्यांच्याकडे वही होती म्हणून. बाकीचं मंडळ तोंडी चालायचं. काका गेल्यावर पहिल्याच वर्षी कळलं की मांडववाल्याला किती आगाऊ द्यायचे, पाण्याचा टँकर कुणाला सांगायचा, हे कुणालाच माहीत नाही. वही त्यांच्या घरी ट्रंकेत होती, ती शोधून काढेपर्यंत अर्धी धावपळ झालेली. अनुभव लिहून ठेवला नाही तर तो माणसाबरोबर जातो. त्यामुळे कागद हवाच. तंत्र हवंच. पुस्तकंही हवीत. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी सिलिंडर विसरा, मग पर्ट वाचा, मग तो डोक्यात बसतो. उलट्या क्रमानं फक्त मार्क मिळतात.

याच रायगड जिल्ह्यात दोन मोठ्या उदाहरणांची शाळा उघड्यावर पडलेली आहे. एक कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदीच्या वर बोगदे, लहान-मोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. ठरल्यापेक्षा उशीरच झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गोव्यात मार्गावरून वाद झाला, पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीनं दमवलं. पण काम संपलं.

दुसरं उदाहरण त्याच पट्ट्यातलं. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. भूसंपादन, वन खात्याच्या परवानग्या, ठेकेदारांच्या पैशांच्या अडचणी, मुदतीमागून मुदती, आणि दहा वर्षांनीही काम अपुरंच. वाकण फाट्यावरून पालीला येणाऱ्या कुणालाही हे पाठ आहे. इथे डांबर कमी पडलं नाही. सगळ्यात लांब साखळी जमिनीच्या कागदपत्रांतून जात होती, आणि खडी पसरणं आधी सुरू झालं. कांदा चिरून तयार, सिलिंडरचा पत्ता नाही!

या दोन्ही ठिकाणी शिकलेले इंजिनिअर होते. गँट चार्ट दोन्हीकडे असणारच. मग श्रीधरन कुठे शिकले? डिसेंबर १९६४ मधल्या वादळानं रामेश्वरचा पांबन पूल मोडला तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. दुरुस्तीची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. आज ज्या संस्थेची सर्टिफिकेटं आपण मिरवतो ती पीएमआय अमेरिकेत स्थापन झाली १९६९ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार-पाच वर्षांनी. आणि ती संस्था तरी काय म्हणते? पीएमपीच्या परीक्षेला बसायचं तर चार वर्षांची पदवी असलेल्या माणसालाही ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो. विद्यार्थ्यांसाठीच्या कॅपमला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं. म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांना स्वतःला फरक माहीत आहे. माहीत नाही तो आपल्याला.

आणि "आपल्याला" म्हणजे खरंच आपल्याला. भाचा मूर्ख नाही. तो बाजार बघतोय. सीव्ही गाळताना सर्टिफिकेटचे शब्द शोधणारे आपणच. गेल्या काही वर्षांत मी कितीतरी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतले, आणि कितीतरी वेळा "आय लेड अ टीम ऑफ फोर" ऐकून मान डोलावली. त्यातले माझ्यासारखे किती असतील? आणि त्या खोलीबाहेर, केटी लागलेला, खरं काम केलेला एखादा मुलगा किती वेळा परत गेला असेल?

म्हणून आता मी तीन प्रश्न विचारतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय फसलं? ते तुम्हाला कधी कळलं? आणि कळल्यावर ते तुम्ही कुणाला, किती दिवसांनी सांगितलं? ज्यानं खरंच काही चालवलंय त्याला तिसऱ्या प्रश्नावर थोडं लाजायला होतं. ज्यानं नुसतं बाइंडिंग केलंय तो म्हणतो, "सर, काहीच फसलं नाही." मागे एका मुलीनं कॉलेजच्या गॅदरिंगचा साउंडवाला ऐनवेळी कसा आला नाही आणि तिनं दोन तास ते कुणालाच कसं सांगितलं नाही, ते सांगितलं. सांगताना कान लाल झाले होते तिचे. घेतली तिला. तिला पर्टचं फुल फॉर्म येत नव्हतं.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. प्रोजेक्ट खऱ्या माणसासाठी करायला लावा. गावातल्या पतपेढीसाठी, वाचनालयासाठी, पापडवाल्या बचत गटासाठी. ग्राहक म्हणून एक माणूस असा हवा की जो डेमोला येऊन म्हणेल, "हे मी मागितलं नव्हतं." आणि चौघांना सारखे मार्क देणं बंद करा. त्यानं फक्त एवढंच शिकवलं जातं की एकानं राबावं आणि तिघांनी लीड करावं.

असो. रविवारी निघताना भाच्याला मी पैशांऐवजी वहीची झेरॉक्स दिली. काकांच्या घरच्यांकडून मी ती पूर्वीच करून आणली होती. शेवटच्या पानांवर दर उत्सवानंतर "चुकलं काय" अशा नोंदी आहेत. एका वर्षाच्या नोंदीत "सिलिंडर" एवढाच शब्द आहे. माझं नाव लिहिलेलं नाही. त्यालाही मोठेपणा लागतो.

"येत्या माघीला चपला-स्टँड आणि पार्किंग तुझ्याकडे," मी म्हणालो. "मी मंडळाशी बोललोय."

त्यानं पानं चाळली. "मामा, पण याचं सर्टिफिकेट नाही ना मिळणार?"

"नाही. पण चुकलास तर अख्ख्या गावाला कळेल."

तो काहीच बोलला नाही. पण वही घेऊन आत गेला. बहीण अजून बोलत नाहीये.